व्याह्यांच्या ताटातली बट्टी

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास आमच्या ग्रामपंचायतीने जाहीर केलं, गावात थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास बंद. सरकारची बंदी तशी जुनीच, पण गावात ती कोणी मनावर घेतली नव्हती. प्रत्येक लग्नानंतर ती ताटं आठवडाभर कपाशीच्या शेतांतून उडत फिरायची. यंदा मात्र पंचायतीने स्टीलची ताटं, वाट्या, पेले आणून समाजमंदिरात ठेवले. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने न्यायचे आणि धुऊन परत करायचे.

पहिलं कार्य आमचंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वैतागले. "एवढं गाव जेवाले यी. ताटं कोन धोई? आनि व्याही काय म्हनतीन?"

व्याही शहाद्याकडचे, केळीचे बागायतदार, भारी टापटिपीचे. साखरपुड्याला ते रुमालाने खुर्ची पुसून मग बसले होते. अण्णांना तेव्हापासून त्यांचा धाकच बसला होता.

ग्रामसेवक घरी येऊन सगळं समजावून गेले. ज्याने त्याने जेवून आपलं ताट घंगाळाशी आणायचं. उष्टं एका बादलीत टाकायचं, ते गुरांना. मग एका घंगाळात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं. नळ सोडून धुवायचं नाही. अण्णांनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

लग्नाच्या दिवशी उष्ट्याच्या बादलीशी आमची फुई, वडिलांची थोरली बहीण, स्वतःहून स्टूल टाकून बसली. जेवायला वरण-बट्टी, भात आणि वांग्याची भाजी. थर्माकोलचं ताट दुमडून फेकलं की आत काय उरलंय ते दिसत नाही. इथे फुईला सगळं दिसत होतं. "भाऊ, भात ऱ्हायी गया." "बेटा, वांगं गोड लागनं नही का?" माणसं लाजून उभ्या उभ्याच उरलेलं संपवत होती.

आणि तेवढ्यात दस्तुरखुद्द व्याही ताट घेऊन आले. ताटात अख्खी बट्टी. फुई साखरपुड्याला नव्हती, तिने त्यांना याआधी पाहिलेलंच नव्हतं.

"दादा, बट्टी टाकानी नही."

"पोट भरी गये ना, ताई."

"मंग लेवानीच कसाले?"

मी वरणाची बादली घेऊन वाढायला जवळच उभी होते. अण्णा मांडवातून धावत निघाले. व्याह्यांनी ताटाकडे पाहिलं, फुईकडे पाहिलं, जवळची खुर्ची ओढली आणि न पुसताच बसले. "थोडं वरण आना बरं," मला म्हणाले. बट्टी कुस्करून त्यांनी सावकाश खाल्ली आणि बाह्या वर करून स्वतःचं ताट स्वतः विसळलं.

हेच व्याही, असं फुईला कोणीतरी कानात सांगितलं. तिने पटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पण स्टूल काही सोडलं नाही.

निरोपाच्या वेळी सगळे रडत होते. बहीण तर गाडीत बसेना. अण्णांनी हात जोडून व्याह्यांची माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी अण्णांचे हात खाली केले. "मन्हा धाकला पोऱ्यानं लगीन शे पुढला वरीसले. या ताईस्ले दोन दिन आधी धाडी द्या."

हुंदके देता देता बहिणीला हसू फुटलं आणि ती गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताटं समाजमंदिरात मोजून दिली, तर एक जास्तच भरलं. कोणाच्या घरचं आलं, ते अजून कळलेलं नाही.