कृपेवर मारलेली रेघ

दामूकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी क्रेनच्या केबिनमध्ये होते. हुकाला पोलादाची कॉइल लटकलेली. ती आधी जागेवर टेकवली, मग खाली उतरले आणि ढसाढसा रडले. काकांनीही पहिलं हेच विचारलं असतं, "लोड नीट ठेवला ना वं?"

काका तीनदा निवडणूक हरले, चौथ्यांदा आमदार झाले, पुढे मंत्रीही. पण रुआबांधा वस्तीतल्या घराच्या व्हरांड्यातलं टेबल तेच राहिलं. कोणी शिफारशीची चिठ्ठी मागायला आलं की काका कोरा कागद पुढे सरकवायचे. अर्ज ज्याचा त्यानं लिहायचा, ते फक्त तपासणार. लोक चिडायचे. मीही चिडले होते.

एका कारखान्यानं माझा अर्ज परत पाठवला होता... बायकांना क्रेनवर घेत नाही म्हणून. बाबांनी लग्नाचा धोशा लावलेला. मला फक्त काकांची दोन ओळींची चिठ्ठी हवी होती. त्यांनी कागद सरकवला. मी फणकाऱ्यानं लिहिलं, 'कृपा करून मला संधी द्यावी.' काकांनी लाल पेनानं 'कृपा करून' खोडलं.

"देशाले स्वातंत्र्य भेटून इतके वर्षं झाले, अन तू अजून कृपा मागून राहिली? क्रेन चालवाची परीक्षा पास हायेस ना? मंग तसं लिही."

"अन नाही घेतलं तं?"

"तं दुसरा अर्ज. मी तीनदा पडलो, मेलो का?"

"पण तुमी चिठ्ठी कावून नाही देत?"

"देतो ना. मंग जलमभर मंत्र्याची पुतणी म्हणून वर बसशील. चालते का तुले?"

नाही चालत, म्हणाले मी, तोंड फुगवून. त्यानंतर चार ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक अर्ज काकांनी चष्मा पुसून, पहिलाच असल्यासारखा तपासला. चौथ्या ठिकाणाहून बोलावणं आलं. पहिल्या दिवशी केबिनमधून अख्खी शेड खाली पाहिली आणि एकटीच मोठ्यानं हसले. ही जागा मला कोणी दिलेली नव्हती, मी मिळवली होती! इकडे काका गल्लीभर पेढे वाटत सुटले होते, "बिनचिठ्ठीची लागली माही पोरगी!"

परवा मी काकांच्या त्याच टेबलाशी बसले होते, तेव्हा अहिवाऱ्याहून एक बाई आल्या. काका गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "मोहल्ला में नल नइ हे. नेताजी के चिट्ठी मिल जाही का?" मी सांगितलं, नेताजी आता नाहीत... त्या उठायला लागल्या. मी त्यांना बसवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. मग त्या सावकाश लिहू लागल्या, 'कृपा करके...'

मी टेबलाचा खण उघडला. लाल पेन अजून चालतं.