द्वारकेवरचे तीन पायलट

आमचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. पण इरफान आणि पांड्या घरी आले की बायको चहाचं मोठं पातेलंच चढवते. एक किस्सा निघाला की मागून दहा निघतात, हे तिला माहीत आहे.

नव्वदीची शेवटची वर्षं. तिघांच्या खिशात पायलटचं लायसन, विमान कुणाकडेच नाही. संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या टपरीवर आमचं नेटवर्किंग चालायचं. म्हणजे तिघांत एक प्लेट भजी, आणि कुणाचा साडू, कुणाचा मेव्हणा एअरलाइनमध्ये आहे याचा शोध.

असा एक साडू इरफानला मनमाडला सापडला. पठ्ठ्या सूट घालून गेला, दोन तास बसला, जेवला. निघताना कळलं, साहेब एअरलाइनमध्ये खरे, पण केटरिंगला.

"तरीच जेवण झकास होतं," इरफान म्हणाला.

मला एका कॅप्टनचा नंबर मिळाला. एसटीडी बूथवरून फोन लावला आणि घाबरून नावाऐवजी ट्रेनिंगच्या विमानाचा नंबर सांगितला. वर 'ओव्हर' म्हणून गप्प बसलो.

"आधी लँड हो, मग बोलू," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

पांड्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मखमलाबादला त्यांची झेंडूची शेती. वडील, तात्या, बजावून मोकळे झाले होते, "दसऱ्यापर्यंत बघ. नाय जमलं तर विमानाचं नाव काढायचं नाय, मळ्यात यायचं." विमानाशिवाय या पोराला दुसरं काही सुचत नव्हतं.

तात्यांची फुलं त्र्यंबकच्या एका गुरुजींकडे जायची. पूजेला मोठमोठे लोक येतात, त्यात एखादा कॅप्टन असणारच, हे डोकं इरफानचं. मग पांड्या दर सोमवारी फुलांच्या टेम्पोत, बायोडेटा घेऊन. कॅप्टन कोण, हे तो दाराबाहेरच्या बुटांवरून ठरवायचा. एकदा चकचकीत काळे बूट बघून त्यांच्या मालकाला बायोडेटा दिला. ते निघाले पोलीस इन्स्पेक्टर. त्यांनी वरचा फोटो निरखला आणि विचारलं, "कधीपासून बेपत्ता आहे?"

दसऱ्याच्या आधीचा शेवटचा सोमवार. गुरुजींचा निरोप आला, आजचे यजमान खरोखरच चीफ पायलट आहेत. आणि पांड्या तापाने फणफणलेला. आम्ही दोघं धावत मळ्यात पोचलो, तर तात्या टेम्पो घेऊन निघूनही गेले होते. बायोडेटा घरातच पडून राहिला, असं आम्ही धरून चाललो. आता त्र्यंबकला पोचेपर्यंत पूजा उरकली असती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पांड्याला इंटरव्ह्यूचं पत्र आलं. नोकरी लागली. पुढे कधीतरी त्याने त्या चीफ पायलट साहेबांना विचारलंच, माझा बायोडेटा तुम्हाला दिला कुणी?

"हारासोबत आला," साहेब म्हणाले. "हार प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर बायोडेटा. फोटो वर करून सुतळीने नीट बांधलेला."

पांड्या सुट्टीत आला तो थेट मळ्यात गेला आणि त्याने तात्यांना विचारलं.

"रद्दी आसंल. मी काय बघितली नाय," तात्या म्हणाले, आणि पुढच्या सरीतला झेंडू खुडायला लागले.