पुढच्या खोलीतलं टेबल

दवाखान्यात तिला सगळे 'कटकट' म्हणत. तोंडावर अर्थात 'ताई'. ती समुपदेशक. गरोदर बायकांना एचआयव्हीची तपासणी समजावून सांगायची, त्यांची संमती घ्यायची, निकाल सांगायचा. पण तिला खोली दिली होती मागच्या इमारतीत. पुढच्या खोलीत बायकांचं रक्त एकदा घेतलं जायचं आणि मग फर्मान सुटायचं, "आता मागे जा, आणखी एक तपासणी आहे."

कशाला जातील? पाय सुजलेले, सोबत कावलेली सासू. अर्ध्या बायका वाटेतूनच घरी.

"साहेब, एकाच सुईत दोन्ही तपासण्या होतील. माझं टेबल पुढे आणू द्या," ती मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागली.

"जागा कुठाय?"

"तो मोडका फ्रीज हलवला की झाली."

"त्याला वरून परवानगी लागते."

परवानगीचं घोंगडं भिजत पडलं.

मग अशीच मागे न पोचलेली एक शिवणकाम करणारी मुलगी कळा सुरू झाल्यावर आली. तेव्हा तपासलं, तर एचआयव्ही निघाला. धावपळ करून तिला औषध दिलं, बाळ जन्मल्याबरोबर त्यालाही.

"आधी कळलं असतं तर, ताई?"

"औषध तेव्हाच सुरू केलं असतं. बाळाला धोका फारच कमी राहिला असता."

 एवढं सांगून कटकट तडक उठली, आयाबाईंना हाताशी घेतलं आणि फ्रीज ढकलत थेट मोठ्या डॉक्टरांच्या दारात नेऊन ठेवला.

"हे काय?"

"परवानगी येईपर्यंत तुमच्या नजरेखाली राहू दे, साहेब."

डॉक्टर भडकले. पण येता-जाता पोट आत घ्यावं लागायला लागल्यावर परवानगी चटकन आली.

टेबल पुढे आलं, त्याला पडदा लागला. एखादी सासू मान आत घालायची, "कसली तपासणी?"

"सगळ्यांना विचारून करतो तीच, मावशी. तुम्ही जरा बाहेर बसा."

बायकांचं परस्पर निघून जाणं जवळजवळ थांबलं.

शिवणवालीचं बाळ मोठं होत गेलं. त्याचा शेवटचा रिपोर्टही चांगला आला, तेव्हा ती हसत हसत पडद्याआड आली. कटकटने बाळाचा गालगुच्चा घेतला आणि लगेच विचारलं, "आणि नवरा? तपासून घेतलं त्याने?"

"मी सगळं सांगितलंय त्याला. म्हणतो, मला काय धाड भरलीय? बायकांची तपासणी आहे ती."

कटकटने कपाळावर हात मारला.

"कुठाय तो? बोलू त्याच्याशी?"

"बोला की. बाहेर गाडीवर बसलाय."

"बस तू इथेच," म्हणत कटकट उठली.