लाभाचं माप

शनिवारचे दोन तास मी मुख्याध्यापकांकडून भांडून मिळवले होते. आर्णीजवळच्या आमच्या शाळेत दहावीचं गणित म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं. मला मुलांच्या हातून काहीतरी करून घ्यायचं होतं. पुठ्ठा, कात्री, डिंक, सगळं पदरचं. मुख्याध्यापकांना तो पोरखेळ वाटायचा. "एक दिवस मागं बसून बघतो, मग ठरवू," ते म्हणाले. म्हणजे त्या एका तासावर माझे सगळे शनिवार टांगलेले.

त्या दिवशी शंकूचं घनफळ होतं. पुठ्ठ्याचा एक शंकू आणि तेवढ्याच तळाचं, तेवढ्याच उंचीचं एक नळकांडं. शंकू तुरीने भरून नळकांड्यात तीनदा ओतला की ते भरतं, आणि सूत्रातला एक तृतीयांश कुठून आला हे डोळ्यांना दिसतं. मी पुढे बोलावलं ते वर्गातल्या सगळ्यांत नीटस हाताच्या मुलीला. तिच्या घरी तूर पिकते, मापाची सवय होती.

एक दाणा सांडला नाही. ओठांतल्या ओठांत मोजत ती ओतत होती, आणि मी तिच्याऐवजी मागच्या बाकाकडे बघत होते. नळकांडं भरलं. ती मोठ्याने म्हणाली, "दोन."

मुख्याध्यापक हसले. माझं डोकंच फिरलं. "दोन कसे? लक्ष कुठं आहे तुझं?" वर्गातल्या एकानेही तिला चूक म्हटलं नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मी फळ्यावर सूत्र खरडलं आणि तास उरकला.

"पेपरात तुरी भरून दाखवाले सांगतेत का, मॅडम?" मुख्याध्यापक उठता उठता म्हणाले. शनिवार गेले.

सुट्टीत तुरी डब्यात भरताना मी तिला चिडूनच विचारलं, "दोन काहून म्हटलं?"

"पयलं माप लाभाचं रायते न, मॅडम. त्याले कोनी मोजते का?"

त्यांच्या घरी खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, आकडे त्याच्यापुढे. लाभ, एक, दोन. तिची तिन्ही मापं बरोबर होती. गणित तुमच्या घरातच आहे, ते वर्गात आणा, असं वर्षभर घसा फोडून मीच सांगत होते. तिने आणलं, तर मी तिच्यावर ओरडले. स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

मुख्याध्यापकांना जाऊन सगळं सांगितलं. "मग तर आणखीच घोळ आहे," म्हणाले, आणि समोरच्या कागदांवर सह्या करायला लागले.

सोमवारी मी भर वर्गात तिची माफी मागितली. म्हटलं, तुझ्या घरी कसं मोजतात ते सगळ्यांना सांग. ती उभी राहिली, मान खाली घालून.

"तीन, मॅडम," ती म्हणाली. "आता नाही चुकनार."