अकोल्यातली प्यादेमात

आमच्या अमरावतीच्या शाळेत बुद्धिबळ मंडळाला एक खोली होती आणि त्या खोलीवर ड्रिलमास्तरांचा डोळा होता. त्यांचे डंबेल्स व्हरांड्यात गंजत पडत. "हे पोट्टे बसून बसून वाकून राहिले, अन् खोली यायले काहून?" असं ते हेडमास्तरांना रोज ऐकवत. शेवटी हेडमास्तरांनी निकाल दिला. अकोल्याच्या स्पर्धेची ढाल आणली तर खोली मुलांची, नाहीतर ड्रिलची. आणि आम्हाला अकोल्याला न्यायचं काम कोणाला, तर ड्रिलमास्तरांनाच!

बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हापासून मास्तर खुशीत होते. आम्हीही होतो, कारण आमचा पट्टीचा खेळाडू मोर्शीच्या बागाईतदाराचा मुलगा होता आणि त्याच्यासोबत संत्र्यांची टोपली होती. सर्वांत जास्त संत्री मास्तरांनी खाल्ली.

मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातल्या शाळेत जाजमावर डाव मांडले. पाच डावांपैकी दोन त्यांनी घेतले, दोन आम्ही. त्यांच्या दोनांतला एक तर मीच त्यांना बहाल केला, तोही चहा यायच्या आत! उरला मोर्शीवाल्याचा डाव.

आता आमच्या मंडळाचं एक खूळ सांगायला हवं. हत्तीनं किंवा वजिरानं मात केली तर आम्ही ढुंकून पाहत नसू. प्याद्यानं केली, की त्या गड्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी! मोर्शीवाल्याला त्या फेरीची चटक लागली होती.

हत्ती शेवटच्या ओळीत नेला की मात, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यानं हत्तीकडे पाहिलं, गालात हसला आणि प्यादं पुढे सारलं. अकोलेकरानं लगेच वजिरानं शह दिला. आमचा राजा पळाला. पुन्हा शह, पुन्हा पळापळ. शह संपले तेव्हा त्या हुशार पोरानं आपला उंट राजाशेजारी आणून हत्तीची वाटच बंद केली. मास्तरांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. "काय होऊन राहिलं बे?" ते माझ्या कानाशी लागले. "सर, गेली खोली," मी म्हणालो. मास्तर गुडघ्यांवर उठून डावाकडे सरकले.

मोर्शीवाल्यानं प्यादं आणखी एक घर सारलं. शह! अकोल्याचा राजा पळायला निघाला, तर त्याच्या एकुलत्या एका मोकळ्या घरात त्याचाच उंट ठाण मांडून बसलेला. मात! प्यादेमात! आम्ही टोप्या उडवल्या, किंचाळलो, एकमेकांना बुकलून काढलं. अकोल्याची मुलंसुद्धा टाळ्या पिटत होती. भान आलं तेव्हा मोर्शीवाला जागेवर नव्हता. बाहेर पाहतो तो ड्रिलमास्तर त्याला खांद्यावर बसवून परक्या शाळेच्या मैदानाला फेरी घालत होते, तीही "लेफ्ट, राइट" असं ओरडत. इतका आनंद मला मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी ढाल हातात घेतली. "मग मास्तर, खोली मुलांचीच ना?"

"नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

आमची तोंडं उतरली.

"ते खोली लहान पडते यायले. मोठी द्या."