हिरवा माझा मी काढीन

मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हे कुणाला सांगितलं की पुढचं ठरलेलं असतं. समोरचा हाताला लागेल ती वस्तू पुढे करतो आणि विचारतो, "मग हा कुठला रंग?" आमच्या श्रीवर्धनात सुपारीची वाडी असलेल्या माणसाला तर जरा जास्तच विचारतात, कारण पिकलेली सुपारी तांबूस आणि कच्ची हिरवी. मी उत्तर देणं सोडून दिलंय. विचारलं की मान हलवायला मी काय नंदीबैल आहे?

आणि अशा माणसाला छंद लागला तो आकाशाच्या फोटोंचा. दुर्बिणीला कॅमेरा जोडायचा, एकाच तेजोमेघाचे भरपूर फोटो घ्यायचे, मग दुसऱ्या दिवशी संगणकावर ते एकावर एक चढवून त्यातून रंग बाहेर काढायचे. कॅमेरा हिरवा जरा जास्तच घेतो. तो सगळ्यांनाच काढावा लागतो, फक्त मला तो दिसत नाही. म्हणून दरवेळी मी बायकोला हाक मारायचो. ती हात पुसत यायची.

"अजून हिरवं हाय."

मी थोडा कमी करायचो.

"आता जांभळं झालं. मघाचंच बरं व्हतं."

मघाचं नेमकं कुठलं, हे दोघांनाही आठवायचं नाही. तिची डाळ करपायची आणि माझं डोकं फिरायचं.

एकदा ती माहेरी गेलेली असताना मी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो स्वतःच्या अंदाजाने पुरा केला आणि माणगावला हौशी मंडळींच्या प्रदर्शनात पाठवून दिला. हात दाखवून अवलक्षण. प्रदर्शनात मी जवळच उभा होतो, आणि एक बाई सोबतच्या बाईला म्हणाल्या, "हे बघ, तळ्यातलं शेवाळ." दोघी हसल्या. मलाही कसंनुसं हसू आलं.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख हे निवृत्त इंजिनिअर, मनाने चांगले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही फक्त फोटो काढत जा. रंगांचं आमच्यातलं कुणीतरी करून देईल. खाली नाव तुमचंच."

"मग फोटो कुणाचा?"

"अहो, तुमचाच की."

"नाही. हिरवा माझा मी काढीन."

ते भल्यासाठीच म्हणत होते, म्हणून जास्त राग आला. घरी येताना एसटीत तो उतरला नाही. दुर्बिणीला डोळा लावून बघा, तो ढग जवळजवळ सगळ्यांनाच राखाडी दिसतो. लाल-गुलाबी होतो तो संगणकावर. म्हणजे तिथे सगळेच माझ्यासारखे. मग अडाणी एकटा मीच कसा?

दोष मला हे रंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत होता. त्यात प्रत्येक रंगाची एक रेघ असते, लाल, हिरवी, निळी. तिघींची जाडी एक, आकार एक. मला त्यातल्या दोन सारख्याच. काम जमलं की हिरवा ठिपका, बिघडलं की लाल. तोही मला एकच. ते सॉफ्टवेअर बनवणारे जगभर विखुरलेले, हौसेने फुकट काम करणारे लोक. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं की अशी अडचण फार थोड्यांना येते, एखाद्या मित्राची मदत घ्यावी. मी पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. शेवटी त्यांच्यातल्या एकाने वैतागून विचारलं, "तुम्हाला रंग दिसतच नाही, तर आम्ही दाखवायचं काय?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सुपारी समजावली. आमच्या वाडीत घड तयार झाला की नाही यावरून वाद झाला, तर सालीच्या रंगावर कुणी भांडत बसत नाही. झाडावर चढलेला गडी एक सुपारी खाली टाकतो, खालचा ती अडकित्त्याने फोडतो, आणि आतून किती घट्ट झाली ते बघून ठरतं. मला साल दाखवू नका, फोडून दाखवा. जिथे बोट ठेवीन तिथे लाल किती, हिरवा किती, निळा किती, ते आकड्यात सांगा.

मग एक नवी आवृत्ती आली आणि सोबत एकच ओळ, वापरून बघा. एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, आणि प्रत्येकीवर अक्षर. लाल-हिरव्या ठिपक्याच्या जागी बरोबर आणि चूक अशा खुणा. फोटोवर बाण नेला की तीन आकडे. मी त्यातही चार चुका काढल्या, आणि त्याने त्या निमूटपणे सुधारल्या. त्या दिवशी अख्ख्या आळीला पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

तोच जुना तेजोमेघ पुन्हा घेतला. काळ्या आकाशावर बाण ठेवला, तिथे तिन्ही आकडे सारखेच हवेत. हिरव्याचा आकडा वर होता, तो खाली आणला, तिन्ही सारखे झाले. कुणाला हाक मारली नाही. दुपारी बायको चहा घेऊन आली आणि स्वतःहूनच पडद्याकडे बघत राहिली.

"हिरवं गेलं की सगळं," ती म्हणाली. "पण मधे लाल जरा जास्त न्हाय का?"

मी आकडा बघितला. जास्तच होता. "हाय. मीच वाढवलाय."

"कमी करा थोडा. बरं दिसंल."

"नको."

"तुम्हाला कुठं दिसतोय तो?"

"नाही दिसत. पण चुकला असला तरी माझा चुकलाय."

मी चहा संपवला आणि फोटो तसाच, त्या लालासकट, माणगावला पाठवून दिला.