बंद इंजिनची टिकटिक
गरम ऑइलचा वास आला की मला शाहूपुरीतलं ते गॅरेज आठवतं. गाडीचं इंजिन टिकटिक वाजायचं म्हणून मी भर दुपारी तिथं गेलो होतो. शेजारच्या सीटवर वडील होते, तीन महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेले. म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिनातले सैल होऊन वाजणारे टॅपेट सेट केले, इंजिन चालवून पाहिलं आणि मला ते बंद करायला सांगितलं. लाईट गेल्यामुळं सगळं गॅरेज चिडीचूप होतं, तरी टिकटिक चालूच होती. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. "इंजिन तर गप हाय, पावणं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "मग वाजतंय काय?"  वडिलांनी डोळे न उघडताच छातीवर हात ठेवला. "ऑपरेशनात माझ्या काळजात बसवलेला धातूचा व्हॉल्व्ह हाय त्यो. रोज रात्रभर ऐकतोय की मी." घरातल्या टीव्हीच्या आवाजात आम्हाला कुणालाच तो ऐकू आला नव्हता. परतताना सिग्नलला इंजिन बंद केलं की मी श्वास रोखून पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतो. अजूनही वडील शेजारी बसले की मी गाडीत गाणी लावत नाही.